पत्राच्या शेवटचे नमस्कार

जुन्या पत्रांत मजकुरापेक्षा शेवटच्या ओळीच मला अधिक बोलक्या वाटतात. मजकूर बहुधा कामापुरता असतो. पैसे पोचले, पाऊस बरा आहे, शेताच्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. पण 'ती. काकींस साष्टांग नमस्कार, चि. बाळूस अनेक आशीर्वाद, शेजारच्या आजींना विचारले म्हणून सांगावे' अशी माळ सुरू झाली, की त्या घरात कोण कोण आहे, कोणाचे नाव आधी घ्यायचे, कोणाला नुसते 'इतर मंडळी' म्हणून एका ओळीत गुंडाळायचे, हे सारे आपोआप उघडे पडते. घराण्यांचा इतिहास लिहिणारे या ओळींवर उगाच जीव टाकीत नाहीत.

जगातल्या एका फार गाजलेल्या पत्राच्या शेवटीही अशीच एक माळ आहे. पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीस धाडलेले हे पत्र; बायबलाच्या नव्या करारात ते 'रोमकरांस पत्र' या नावाने आहे. काळ इ. स. ५७ च्या आसपासचा, म्हणजे येशूला क्रुसावर देऊन पुरी तीस वर्षेही झाली नव्हती. या पत्राच्या पहिल्या पंधरा अध्यायांवर ऑगस्टीनपासून लूथरपर्यंत मोठमोठ्यांनी आपली बुद्धी खर्ची घातली. सोळाव्या अध्यायात मात्र तत्त्वज्ञान जवळजवळ नाहीच. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा, एवढेच. प्रवचनकाराला त्यात हाताला लागण्यासारखे काही नसते, म्हणून तो पान उलटतो. धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. खोड आहे ती इतिहासाची. म्हणून मी नेमका त्याच पानावर थांबतो. ख्रिस्ताचा निरोप अगदी प्रथम कोणाच्या कानांवर पडला, या प्रश्नाला इतके रोकडे उत्तर दुसरीकडे सहसा मिळत नाही.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात अशीच एक यादी आहे, आणि ती पुष्कळांच्या परिचयाची आहे. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, कप्पदुकियाचे, मिसरचे, क्रेतचे, अरबस्तानचे असे नाना देशींचे लोक यरुशलेमेत जमले होते आणि प्रत्येकाला तो निरोप आपापल्या भाषेत ऐकू आला, असे तिथे सांगितले आहे. ऐकायला ती यादी भारदस्त वाटते. पण ती घटनेनंतर काही दशकांनी लिहिलेली आहे, आणि ती माणसे निरनिराळ्या देशांत स्थायिक झालेले यहुदी आणि यहुदी धर्म पत्करलेले लोक होते. शिवाय ती देशांची यादी आहे. पौलाची यादी माणसांची आहे. आणि ज्यांना ती वाचून दाखवायची होती, त्यांचीच ती नावे असल्यामुळे त्यात लबाडीला जागा नव्हती.

पत्र लिहिताना पौल ग्रीस देशात, करिंथ शहरात होता. लिहिताना म्हणजे सांगताना. प्रत्यक्ष लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. हा लेखनिक शेवटी हळूच मध्ये डोके घालतो आणि हे पत्र लिहून घेणाऱ्या माझाही तुम्हांला सलाम, असे सांगून जातो. त्याचे नाव तर्तिय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'तिसरा'. पुढच्याच ओळीत क्वर्त नावाच्या एका बंधूचा सलाम आहे. क्वर्त म्हणजे 'चौथा'. पोराला नाव म्हणून नुसता आकडा द्यावा ही पद्धत गुलामांत आणि गरिबांत पुष्कळ होती. याच तर्तियाच्या मागोमाग त्याच परिच्छेदात एरास्त येतो, आणि हा एरास्त म्हणजे करिंथ शहराचा कारभारी, खजिनदार म्हणा. शहराचा खजिनदार आणि 'चौथा' नावाचा कोणी एक, दोघांचे सलाम एकाच ओळीतून रोमला निघाले.

१९२९ साली करिंथच्या जुन्या नाट्यगृहाजवळ उत्खननात एक फरसबंदी सापडली. तिच्यावरच्या लॅटिन लेखाचा आशय असा, की एरास्त नावाच्या गृहस्थाने नगराधिकाऱ्याचे पद मिळाल्याबद्दल ही फरसबंदी स्वखर्चाने करून दिली. दगडात खोदलेल्या खाचांत बसविलेली पितळी अक्षरे केव्हाच कोणी काढून नेली, खाचा राहिल्या. हाच तो पत्रातला एरास्त, असे काहींचे म्हणणे आहे, काहींना ते मान्य नाही. मला स्वतःला त्या वादात फारसा रस नाही. नगराचा पैसा हाताळणारा माणूस त्या मंडळीत होता, हे सांगायला पत्र पुरेसे आहे.

हे पत्र रोमला नेले फीबी नावाच्या बाईने. करिंथच्या पूर्वेकडील किंख्रिया या बंदरातल्या मंडळीची ती सेविका. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस' असा आहे आणि पौल स्वतःलाही अनेकदा तोच लावतो. शिवाय ती पुष्कळांची, आणि खुद्द माझीही, आश्रयदाती आहे, असे तो म्हणतो. तेव्हा पदरी पैसा असलेली, आपल्या कामासाठी समुद्रप्रवास करणारी ही स्त्री असावी. त्या काळी पत्र पोचविणे म्हणजे ते दारात टाकून परतणे नव्हे. लिहिता-वाचता येणारे लोक थोडे. पत्र मोठ्याने वाचले जायचे आणि ऐकणारे अडले की आणणाऱ्याला विचारायचे. या गहन पत्रावरच्या पहिल्या शंका फीबीलाच विचारल्या गेल्या असणार, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. ते खरे असेल, तर या ग्रंथाची पहिली भाष्यकार एक बाई ठरते.

आता ज्यांना सलाम सांगितले आहेत ती माणसे पाहू. नावानिशी चोवीस, आणि नाव न घेता एकाची आई व एकाची बहीण, अशी सव्वीस. त्यांत बायका नऊ. आरंभी प्रिस्का आणि अक्विला हे जोडपे, आणि त्यातही बायकोचे नाव आधी. मग अपैनत, मरिया, अंद्रोनीक आणि युनिया, अंप्लियात, उर्बान, स्ताखु, अपिल्लेस, हेरोदियोन, त्रुफैना आणि त्रुफोसा, पर्सिस, रूफ आणि त्याची आई... ती आई मलाही आईसारखीच, असे पौल जाता जाता म्हणतो. मग असुंक्रित, फ्लगोन, हर्मेस, पत्रबास, हर्मास. मग फिललग, युलिया, नीरिय आणि त्याची बहीण, ओलुंपास.

नावांचे अर्थ पाहू लागलो की यादी बोलू लागते. स्ताखु म्हणजे कणीस. असुंक्रित म्हणजे अतुल. फ्लगोन म्हणजे जळता. उर्बान म्हणजे शहरी. पर्सिस म्हणजे इराणची बाई; तिचे खरे नाव काय होते ते मालकाने विचारले नसावे, किंवा विचारून विसरला असावा. हर्मेस आणि नीरिय ही तर ग्रीक देवांची नावे, आणि हर्मेस हे नाव गुलामांत इतके बोकाळले होते की रोममधल्या थडग्यांवर ते ठायी ठायी दिसते. त्रुफैना आणि त्रुफोसा या दोन नावांच्या मुळाशी चैन आणि नाजूकपणा यांचा अर्थ आहे. नाजूकबाई आणि कोमलबाईच म्हणा ना. बहुधा बहिणी. आणि त्यांच्याविषयी पौल लिहितो काय, तर या दोघी राबणाऱ्या आहेत! ही कोटी त्याने समजून केली असावी, असे मला मनापासून वाटते. सव्वीस जणांच्या या यादीत 'राबणे' या अर्थाचे क्रियापद तो चौघांनाच लावतो आणि चौघीही बायका आहेत: मरिया, नाजूकबाई, कोमलबाई आणि इराणी पर्सिस.

पीटर लांपे नावाच्या जर्मन पंडिताने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही नावे रोमच्या हजारो शिलालेखांतल्या नावांशी ताडून पाहिली. ज्यांच्याविषयी काही निश्चित म्हणता येते, त्यांतली दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे गुलाम, मुक्त झालेले गुलाम किंवा त्यांची संतती असावीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. बहुतेक नावे ग्रीक, म्हणजे माणसे पूर्वेकडून आलेली. अंद्रोनीक, युनिया आणि हेरोदियोन यांना पौल आपले भाऊबंद म्हणतो, म्हणजे ते यहुदी. अक्विलाही यहुदीच, काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला. आपल्याकडे अजूनही ख्रिस्ती धर्म म्हटला की डोळ्यांपुढे टोपीवाला साहेब उभा राहतो. ही यादी वाचताना त्या साहेबाचा पणजोबा शोधून सापडत नाही.

युनियाची हकिगत थोडी निराळी सांगितली पाहिजे. अंद्रोनीक आणि युनिया हे माझ्या आधीपासून ख्रिस्ताचे झालेले, माझ्याबरोबर तुरुंगात पडलेले आणि प्रेषितांमध्ये नावाजलेले, असे पौल म्हणतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्तम या विख्यात धर्मोपदेशकाने या बाईचे मोठे कौतुक केले. स्त्री असून केवढी ही योग्यता, अशा अर्थाचे. पण पुढे मध्ययुगात बाई आणि प्रेषित हे गणित कोणाच्या पचनी पडेना, आणि तिचा 'युनियास' नावाचा पुरुष करण्यात आला. पंडितांमध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छापील ग्रीक प्रतीतही १९२७ पासून हा पुरुष ठाण मांडून बसला. मौज अशी, की युनियास हे नाव प्राचीन काळच्या एकाही लेखात सापडत नाही, आणि युनिया हे बाईचे नाव एकट्या रोममध्ये अडीचशेहून अधिक वेळा सापडते. १९९८ साली तिचे तिला परत मिळाले. एका मात्रेच्या जागेवरून बाईचा बुवा होतो आणि त्याची पुन्हा बाई व्हायला एकाहत्तर वर्षे लागतात, हा मुद्रणाच्या इतिहासातला एक गमतीदार अध्याय आहे.

ही माणसे एका ठिकाणी जमत नसत. देवळासारखी इमारत त्यांच्याजवळ नव्हतीच. ख्रिस्ती उपासनेसाठी राखलेले जे सर्वांत जुने घर आज ठाऊक आहे, ते सीरियातल्या दूरा-युरोपस येथले आणि तिसऱ्या शतकातले. पत्रात निदान पाच निरनिराळे जमाव दिसतात. एक प्रिस्का-अक्विलाच्या घरचा. दोन जमाव असुंक्रित आणि फिललग यांच्या सोबत्यांचे. उरलेले दोन म्हणजे अरिस्तबूलाच्या घरची आणि नार्किस्साच्या घरची माणसे. या दोन मालकांना सलाम नाही, त्यांच्या माणसांना आहे. मालक ख्रिस्ती नव्हते, नोकर-गुलाम होते, असा याचा सरळ अर्थ. हा नार्किस्स म्हणजे क्लॉडियस बादशहाचा बडा कारभारी, आणि अरिस्तबूल म्हणजे हेरोद राजाचा रोममध्ये राहिलेला नातू, असा पुष्कळांचा तर्क आहे. तो खरा असेल तर बादशाही मुदपाकखान्यात आणि कचेरीत हा निरोप पोचला होता.

बाकीच्यांची घरे? रोमचे गोरगरीब चाळींत राहत. चाळ हाच शब्द योग्य. खाली दुकाने, वर चार-पाच मजले, मजल्यागणिक भाडे कमी आणि जिने जास्त. इमारती कोसळत म्हणून ऑगस्टस बादशहाने उंचीवर सत्तर फुटांची मर्यादा घातली होती. ओस्तिया बंदरात अशा चाळींचे अवशेष अजून उभे आहेत. अक्विला आणि प्रिस्का राहुट्या करीत, म्हणजे कातडे-कापडाचे शिवणकाम. अशाच कुठल्या दुकानामागच्या खोलीत, दिवसाचे काम आटोपून, किंवा सुरू होण्यापूर्वी, हे पत्र ऐकले गेले.

ऐकले गेले ते ग्रीक भाषेत. पत्र रोमला, राजधानीची भाषा लॅटिन, आणि मजकूर मात्र ग्रीक! रोममधल्या यहुद्यांची थडगी पाहिली तरी बहुसंख्य लेख ग्रीकच आहेत. परदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांची ती समाईक बोली. तीही पंडितांची ग्रीक नव्हे. मिसरच्या वाळूत सापडलेले बाजारहिशेब, अर्ज आणि घरगुती पत्रे तपासून डाइसमान नावाच्या जर्मन विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की नव्या कराराची भाषा ही बाजारात चालणारी ग्रीक आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले (त्या १९२२ साली वारल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला), तेव्हा साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी लिहिण्याचा त्यांचा हट्ट होता. संस्कृतात वाढलेल्या त्या विदुषीने मूळ ग्रंथाचा बाज अचूक ओळखला होता, असेच म्हटले पाहिजे.

इथवर सगळे गोड झाले. नाना देशींची, नाना दर्जांची माणसे एकत्र आली, छान. पण एकत्र आली म्हणजे नेमके काय केले? बसून जेवली. आणि जेवायला बसल्याबरोबर भांडणे सुरू झाली.

त्याची सुरुवात रोमच्या आधी, सीरियातल्या अंत्युखियात झाली. हे बादशाहीतले तिसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथल्या मंडळीचे पुढारी पाहा: कुप्र बेटाचा बर्णबा, निग्र म्हणजे 'काळा' असे टोपणनाव असलेला शिमोन, उत्तर आफ्रिकेतल्या कुरेने गावचा लूक्य, मांडलिक राजा हेरोदाबरोबर लहानाचा मोठा झालेला मनाएन, आणि तार्ससचा शौल, म्हणजेच पौल. यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा याच गावात मिळाले, आणि ते बाहेरच्यांनी दिले. तो शब्दही पाहण्यासारखा आहे. कल्पना हिब्रू, अभिषेक झालेल्या राजाची. तिच्यासाठी शब्द ग्रीक, ख्रिस्त. आणि त्याला लावलेला प्रत्यय लॅटिन, अमक्याच्या पक्षाचे अशा अर्थाचा. एका शब्दात तीन भाषा.

या गावात यहुदी आणि बिगर-यहुदी एका पंगतीला बसत. पेत्रही बसे. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू पंगतीतून मागे सरला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी सरले, बर्णबाही सरला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला धारेवर धरले. हा प्रसंग पौलाने स्वतःच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात आणि वाचकांच्या मनात तो शब्द आला असेलच. पण पेत्राचा फार लवकर न्याय करू नये. यहुद्यांचे खाण्याचे नियम म्हणजे तोरा नव्हता. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास सीरियाच्या ग्रीक राजाने त्यांना डुकराचे मांस खाण्याची सक्ती केली, तेव्हा ते न खाता जीव देणाऱ्यांच्या कथा त्यांच्या घरोघर सांगितल्या जात. ज्या नियमासाठी पूर्वज मेले, तो एका जेवणासाठी सोडायचा? उलट बाजूने, तुमच्या ताटाला ताट लावून मी बसणार नाही, असे ज्याला सांगितले जाते, त्याला तुमचा देव आपला कसा वाटावा? दोन्ही बाजूंना काही खरे होते, म्हणूनच ते भांडण इतके कडू झाले.

रोममध्ये तेच निराळ्या रूपात. सुमारे इ. स. ४९ मध्ये क्लॉडियस बादशहाने रोममधून यहुद्यांना हाकलले. 'ख्रेस्त' नावाच्या कोणाच्या चिथावणीने ते सारखे दंगा करीत, असे कारण स्वेटोनियस हा इतिहासकार देतो. बहुतेकांच्या मते हा ख्रेस्त म्हणजे चुकीच्या उच्चारातला ख्रिस्तच. प्रिस्का आणि अक्विला त्या वेळी रोम सोडून करिंथला आली आणि तिथे त्यांची पौलाशी गाठ पडली. एकाच धंद्याची माणसे, एकत्र काम करू लागली. (पौलाने कधी न पाहिलेल्या शहरात इतक्या ओळखी कशा, या शंकेचे उत्तर इथेच आहे. हा सोळावा अध्याय मुळात इफिस शहरी धाडलेला असावा, असे पूर्वी म्हणत. आता फारसे कोणी म्हणत नाही.) इ. स. ५४ मध्ये क्लॉडियस मेला आणि हाकललेले लोक परतू लागले. परत येऊन पाहतात तो आपण सोडून गेलो ती मंडळी आता बिगर-यहुद्यांच्या हाती. पत्राचा चौदावा अध्याय याच पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. काही जण नुसती भाजी खातात, काही सर्व काही खातात. काही विशिष्ट वार पाळतात, काही पाळत नाहीत. खाणारा न खाणाऱ्याला तुच्छ लेखतो, न खाणारा खाणाऱ्याला दोषी ठरवतो. आपल्या वाचकांना यात काही परके वाटू नये! पौल स्वतः खाणाऱ्यांच्या बाजूचा. सर्व अन्न शुद्धच आहे असे तो म्हणतो. तरीही माझ्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल तर ते मी खाऊ नये, असा त्याचा निवाडा. तत्त्व एका बाजूला देऊन सवलत दुसऱ्या बाजूला देण्याची ही हातोटी मला तरी फार शहाणपणाची वाटते.

करिंथात भांडण धर्मावरून नव्हते, पैशावरून होते. रोमन सैन्याने इ. स. पूर्व १४६ मध्ये हे शहर धुळीला मिळविले, आणि ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये ते पुन्हा वसविले, तेही बरेचसे मुक्त झालेल्या गुलामांना आणून. म्हणजे गाव नव-श्रीमंतांचे. तिथल्या मंडळीत फारसे कोणी ज्ञानी, बलवान किंवा कुलीन नाहीत, असे पौल त्यांना लिहितो. 'फारसे नाहीत' म्हणजे थोडे होते. ख्रिस्ताच्या नावाने सर्वांनी मिळून घ्यायचे जेवण श्रीमंतांच्या घरी होई. श्रीमंत लवकर येऊन आपापले खाऊन-पिऊन मोकळे होत. गुलाम आणि मजूर काम सुटल्यावर येत, तोवर काही उरलेले नसे. एक उपाशी, एक झिंगलेला, असे चित्र पौल काढतो आणि संतापतो. खायला-प्यायला तुम्हांला घरे नाहीत काय, असा त्याचा सवाल.

पण त्या यजमानांना आपण काही चुकतो आहोत हे कदाचित कळतही नसेल. भोजनकक्षात नऊ-दहा जणांची सोय, बाकीचे अंगणात. आणि दर्जाप्रमाणे ताट, ही रोमन शिष्टाचाराची रूढ रीत होती. थाइसेन नावाच्या जर्मन अभ्यासकाने मांसाच्या वादावरही असाच उजेड पाडला आहे. श्रीमंतांना मांस रोजचेच. देवळातले असो की बाजारातले, त्यांना त्याचे काही वाटत नसे. गरिबाला मांस मिळे ते देवाच्या उत्सवात वाटले जाई तेव्हा. त्यामुळे त्याच्या मनात मांस आणि मूर्ती यांची गाठ पक्की बसलेली. एकाच ताटातला एकच तुकडा, पण दोघांच्या जिभेवर त्याची चव निरनिराळी.

गुलामांचे काय, हा प्रश्न उरतो. पौलाचे सर्वांत छोटे पत्र फिलेमोन नावाच्या गृहस्थाला आहे. त्याचा गुलाम अनेसिम पौलाजवळ होता, तो पौल परत पाठवीत आहे. आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून त्याला घे, असे सांगतो. नावाचा अर्थ 'उपयोगी', आणि त्यावरही पौलाने कोटी केलीच आहे. पत्र फिलेमोनाला असले तरी त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे; म्हणजे मालकाने ते खासगीत वाचून पेटीत ठेवायचे नव्हते. अनेसिम उभा, घरचे दुसरे गुलाम कान देऊन ऐकत असलेले, आणि धन्याच्या तोंडाकडे साऱ्यांचे डोळे! तरीसुद्धा त्याला मुक्त कर, असे स्पष्ट शब्दांत पौलाने लिहिले नाही, आणि ही गोष्ट झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. एका पंगतीला बसलेला बंधू उठला की पुन्हा गुलामच होता.

फीबीने पत्र आणले त्याला सातच वर्षे झाली होती, तेव्हा इ. स. ६४ च्या जुलैत रोमला आग लागली. नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला. कोणाला जनावरांची कातडी पांघरवून कुत्र्यांकडून फाडविले, कोणाला रात्रीच्या उजेडासाठी जाळले. ख्रिस्ती लोकांविषयी तिटकारा असलेल्या टॅसिटसनेच हे लिहून ठेवले आहे, आणि पाहणाऱ्यांना त्यांची कीव आली असेही तो नोंदवितो.

त्यानंतर पन्नासेक वर्षांनी एक सुसंस्कृत रोमन गृहस्थ या लोकांच्या वाटेत आला. त्याचे नाव प्लिनी. याचीही पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांतले एक पंगतीविषयीच आहे. एका यजमानाकडे तो जेवायला गेला. तिथे मद्याच्या सुरया तीन प्रकारच्या होत्या, उत्तम स्वतःसाठी आणि मोजक्या मित्रांसाठी, मध्यम कमी दर्जाच्या मित्रांसाठी, हलके मुक्त झालेल्या गुलामांसाठी. प्लिनीला हे मुळीच आवडले नाही. आपल्या घरी सर्वांना एकच मिळते, आपण आपल्या मुक्त गुलामांच्या बरोबरीचे पितो, असे तो एका तरुण मित्राला कळवितो. करिंथच्या यजमानांना पौल जे सांगत होता, ते या गृहस्थाला आधीच पटलेले होते.

हाच प्लिनी पुढे ट्रेजन बादशहाच्या वतीने बिथुनिया आणि पंत या प्रांतांचा सुभेदार झाला; पंत म्हणजे अक्विलाचा मुलूख. इ. स. ११२ च्या सुमारास त्याने बादशहाला लिहिले, की या ख्रिस्ती लोकांचे काय करावे ते कळत नाही. सर्व वयांचे, सर्व दर्जांचे, स्त्री-पुरुष दोन्ही यात आहेत. शहरांतच नव्हे, खेड्यापाड्यांतही हे पसरले आहे. देवळे ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते. ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी ते जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, पांगतात, आणि पुन्हा जमून जेवतात. जेवण साधेच, निरुपद्रवी. उजाडण्यापूर्वी जमणारी माणसे ती, ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

खरे काय ते काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींना यातना दिल्या. मंडळीत त्यांना सेविका म्हणत, असे तो लिहितो. फीबीला पौलाने लावलेल्या ग्रीक शब्दाचाच हा लॅटिन अवतार. त्यांच्याकडून एक विकृत, बेसुमार अंधश्रद्धा यापलीकडे काही हाती लागले नाही, असेही त्याने कळविले. त्या दोघींची नावे मात्र त्याने लिहिली नाहीत.